डायलिसिसवरच्या पेशंटचा खोकला: छातीत पाणी की न्यूमोनिया?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, जुना मधुमेह, दोन वर्षांपासून सोमवार-गुरुवार असं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाच-सहा दिवसांपासून खोकला, आणि परवापासून रात्री आडवं पडलं की धाप लागते. ताप नाही. जवळच्या डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे’ म्हणून गोळ्या आणि कफ सिरप दिलं. सेंटरवर शेजारच्या बेडवरच्या पेशंटला फ्लू निघाला, म्हणून घरचे म्हणतात की एक डायलिसिस सोडू, बरं वाटलं की जाऊ. मुलीने विचारलंय: धोका खरंच किती? डायलिसिस चुकवलं तर चालेल का? लस आता देता येईल का? आणि घरात लहान नातू आहे, त्याला आजोबांपासून लांब ठेवायचं का?

ताई, ‘आडवं पडलं की धाप लागते’ हे वाक्य वाचलं आणि बाकीचा मजकूर मी नंतर वाचला. डायलिसिस चुकवू नका. उलट आजच सेंटरला फोन करून सांगा की खोकला आहे, धाप आहे, मास्क लावून आणतो, आजच्या आज घेता येईल का. गुरुवारपर्यंत थांबू नका. घरी ऑक्सिजन मोजायचं यंत्र असेल तर फिस्च्युला (डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) नसलेल्या हाताच्या बोटाला लावा. फिस्च्युलाच्या हातात बोटांकडे रक्त कमी जातं आणि आकडा फसवा येऊ शकतो. ९४ च्या खाली असेल तर आजच दवाखाना. ९० च्या खाली असेल, किंवा बाबांना एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर सेंटरचा फोन लागायची वाटही बघू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. मात्र हॉस्पिटल असं निवडा जिथे आयसीयूमध्ये डायलिसिसचं मशीन आहे. हे आधी फोन करून विचारा. चांगलं हॉस्पिटल म्हणून नेलं आणि रात्री दोन वाजता कळलं की इथे डायलिसिस होत नाही, मग पुन्हा अॅम्ब्युलन्स, पुन्हा अॅडमिशन, असं नातेवाइकांचं होताना मी नेहमी बघतो.

आता कारणं.

किडनी निकामी झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे पांढऱ्या पेशी जंतूंवर नीट तुटून पडत नाहीत, त्यात मधुमेह, त्यात पथ्याच्या नावाखाली प्रथिनं कमी खाणं. अमेरिकेतल्या डायलिसिस पेशंटच्या १९९० च्या दशकातल्या नोंदींवरून हिशोब मांडला गेला होता. फुप्फुसाच्या संसर्गाने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत डायलिसिसवाल्यांत १४ ते १६ पट निघाले. कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या वसंतात, युरोपातल्या नोंदींत लागण झालेल्या डायलिसिस पेशंटपैकी पाचातला किमान एक महिन्याभराच्या आत गेला. तेव्हा धोका किती, याचं उत्तर ‘मोठा’ असंच आहे. हे घाबरवायला सांगत नाही. घरातल्या बाकीच्यांसारखा यांनी खोकला अंगावर काढायचा नसतो, एवढंच त्यातून घ्या.

पण प्रतिकारशक्ती हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा पाण्याचा आहे आणि घोळ तिथेच होतो. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाने दोन डायलिसिसच्या मध्ये जे जे प्यायलं ते अंगातच राहतं. आधी पाय सुजतात, मग बीपी वाढतं, मग ते फुप्फुसात उतरतं. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसालाही खोकला येतो, धाप लागते, आडवं पडवत नाही. न्यूमोनियातही हेच होतं. आणि दोन्ही एकदम असतात तेव्हा ऑक्सिजन फार झपाट्याने खाली येतो, कारण जंतूने एक कोपरा बंद केलेला असतो आणि उरलेल्या जागेत पाणी असतं. त्यात हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल तर जो ऑक्सिजन आत जातो तोही पुरेसा वाहून नेला जात नाही.

म्हणून आठवड्यातली लांब सुट्टी घातक. तीनदा डायलिसिस असणाऱ्यांना एकदा दोन दिवसांची सुट्टी येते, आणि त्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यू आणि अॅडमिशन दोन्ही जास्त होतात हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात स्पष्ट दिसलं आहे. आपल्याकडे पैशामुळे, अंतरामुळे, सेंटरवर जागा नसल्यामुळे कितीतरी लोक आठवड्यातून दोनदाच करतात. बाबांचं गुरुवार ते सोमवार हे अंतर आधीच चार दिवसांचं आहे. त्यातून एक सोडलं तर सलग सात दिवस होतील, तेही आजारपणात, जेव्हा ‘घसा शेकायला’ गरम पाणी, काढा, सूप, आल्याचा चहा असं सगळं घरचे प्रेमाने पाजत असतात.

एक उदाहरण सांगतो. पन्नाशीचे शेतकरी, सोमवारी सकाळी बसून बसूनच आले. नेहमीच्या ड्राय वेटपेक्षा, म्हणजे डायलिसिसनंतर गाठायच्या वजनापेक्षा, साडेचार किलो जास्त, ऑक्सिजन ८८, ताप नाही. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं मधून बाहेर पांढरी. बरोबर आलेला मुलगा म्हणत होता, गावच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितलाय, आधी तीन दिवस इंजेक्शनं पूर्ण करतो. आम्ही ऑक्सिजन लावून लगेच मशीनवर घेतलं, तीन लिटरच्या वर पाणी काढलं, आणि डायलिसिस संपल्यावर पुन्हा एक्स-रे घेतला. डावी बाजू जवळजवळ स्वच्छ झाली होती. उजवीकडे खालच्या भागातला डाग तसाच. म्हणजे पाणीही होतं आणि न्यूमोनियाही होता. पहिला एक्स-रे बघून नुसतं पाणी म्हणालो असतो तर जंतू राहिला असता, नुसता न्यूमोनिया म्हणालो असतो तर माणूस पाण्याने गेला असता. डायलिसिसच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन एक्स-रे ही साधी गोष्ट आहे, खर्चही फार नाही. बाबांच्या बाबतीत तुम्ही स्वतः मागा. काही ठिकाणी आता छातीच्या सोनोग्राफीवरही फुप्फुसातलं पाणी दिसतं, ती सोय असेल तर उत्तमच.

‘ताप नाही’ यावर विसंबू नका. डायलिसिसवरच्या पेशंटचं शरीराचं तापमान मुळातच थोडं कमी असतं आणि ताप चढवण्याची ताकदही कमी असते. त्यांच्यात न्यूमोनिया कधी कधी नुसता सुस्तीने सुरू होतो: जेवण सुटतं, उलटसुलट बोलतात, डायलिसिसवर बीपी एकदम पडायला लागतं. रक्ताच्या तपासण्याही फसवतात. संसर्ग ओळखायला करतात त्या सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिनचे आकडे या पेशंटमध्ये जंतू नसतानाही थोडे वाढलेलेच असतात. हार्ट अॅटॅकसाठी बघतात ते ट्रोपोनिनही तसंच. त्यामुळे एकच रिपोर्ट फोनवर पाठवून ‘डॉक्टर, इन्फेक्शन आहे का’ विचारलं की मला नेमकं सांगता येत नाही. आधीचे रिपोर्ट जवळ ठेवा, आकडा किती वाढला त्यावरून कळतं. आणि जुना मधुमेह आहे म्हणून एक ईसीजी काढाच. अशा पेशंटमध्ये हार्ट अॅटॅक छातीत न दुखता नुसत्या धापेने येतो.

ताप थंडी वाजून, हुडहुडी भरून येत असेल, विशेषतः डायलिसिस सुरू झाल्यावर तासाभरात, आणि मानेत किंवा छातीत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी असेल, तर मात्र छातीपेक्षा आधी नळीचा संशय घ्यायचा. नळीतला जंतू रक्तात जातो आणि तिथून फुप्फुसात ठिकठिकाणी गाठीसारखे डाग पाडतो. खोकला असतो, पण मूळ मानेतल्या नळीत. अशा वेळी अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेतलं पाहिजे. तुम्ही लिहिलं नाही, बाबांना फिस्च्युला आहे की नळी. नळी असेल तर सेंटरला हे आधी सांगा.

आता ड्राय वेटबद्दल, कारण हे घरच्यांना कोणी समजावून सांगत नाही. डायलिसिसनंतर जे वजन गाठायचं ठरलेलं असतं ते आजारपणात जुनं होतं. समजा बाबांचं ड्राय वेट ५८ किलो आहे. पंधरा दिवस नीट जेवले नाहीत, मांस झडलं, खरं वजन ५६ वर आलं. पण फाइलवर ५८ लिहिलंय म्हणून टेक्निशियन ५८ पर्यंतच पाणी काढतो. काटा बरोबर, फाइल बरोबर, आणि दोन लिटर पाणी अंगात. मग ‘डायलिसिस तर वेळेवर केलं, तरी धाप कशी’ असा प्रश्न पडतो. खोकला किंवा ताप आठवडाभर चालला असेल, जेवण कमी झालं असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) सरळ विचारा, ड्राय वेट कमी करायचं का. कमरेचा पट्टा किंवा पायजम्याची नाडी किती सैल झाली हेही सांगा, ते आम्हाला उपयोगी पडतं.

आणि हेच झडणं महिनोन् महिने चाललं असेल तर डोक्यात टीबी आला पाहिजे. आपल्या देशात तो कधीच विसरायचा नाही. डायलिसिसवरच्या माणसाला टीबीचा धोका सामान्य माणसापेक्षा कितीतरी पट जास्त, आणि तो पुस्तकातल्यासारखा येत नाही. थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप यापेक्षा छातीच्या आवरणात पाणी, मानेत गाठ, न लागणारी भूक असा येतो. वजन घटलेलं पाण्याने झाकलं जातं, धाप पाण्याच्या खात्यात टाकली जाते, छातीच्या आवरणातलं पाणी ‘किडनीमुळेच असणार’ म्हणून सोडून दिलं जातं. एकाच बाजूला पाणी असेल आणि चांगलं डायलिसिस करूनही जात नसेल तर ते सुईने काढून तपासायचं, थुंकीची सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) करायची. दोन-तीन आठवड्यांच्या वर खोकला टिकला तर हे नकोच म्हणू नका. आणखी एक, खोकल्यासाठी लेव्होफ्लॉक्सॅसिन सर्रास लिहिलं जातं. त्याने टीबीही चार दिवस दबतो आणि निदान लांबतं. टीबी निघालाच तर औषधं मिळतात आणि पेशंट बरा होतो, पण मात्रा वेगळ्या असतात: पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल आठवड्यातून तीनदा, डायलिसिस झाल्यावर. आणि रिफॅम्पिसिनमुळे बीपीच्या कित्येक गोळ्यांचा असर उतरतो, तेव्हा बीपी अचानक चढलं तर दचकू नका, कळवा.

औषधांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांबद्दल. मी त्यांना नावं ठेवणार नाही, रात्री अपरात्री तेच धावून येतात. पण त्यांना दर वेळी, पहिल्याच वाक्यात सांगा की पेशंट डायलिसिसवर आहे. फ्लूची ऑसेल्टामिव्हिर घ्या. साध्या मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. डायलिसिसवाल्याला ३० मिलिग्रॅम, आणि पुढचा डोस पुढच्या डायलिसिसनंतर. सेफेपाइमसारखं अँटिबायोटिक नेहमीच्या मात्रेत गेलं तर माणूस बडबडतो, हातपाय झटकतो, आणि घरचे समजतात मेंदूत ताप गेला. उचकी थांबावी म्हणून दिलेली बॅक्लोफेनची गोळी तर मला विशेष भीतीची वाटते. एक-दोन गोळ्यांत पेशंट बेशुद्धीच्या काठावर आलेले पाहिलेत. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालेल. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी बीपी वाढतं. आणि कोरडा खोकला दीड-दोन महिने असेल, धाप नसेल, तर बीपीच्या गोळ्यांत रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल आहे का बघा. तो खोकला त्या गोळीचाही असतो.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. अशक्तपणा वाटतोय म्हणून सलाईन लावू देऊ नका. बाटलीभर सलाईन म्हणजे अर्धा लिटर पाणी आणि मीठ थेट रक्तात, आणि बाहेर पडायला वाट नाही. आणि तापात ताकद यावी म्हणून शहाळं देऊ नका. मोसंबीचा रसही नको. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. आजारपणात ते आधीच वाढलेलं असतं, आणि त्याने हृदय थांबतं. तेही धाप न लागता, काही कळायच्या आत. सलाईनसाठी किंवा रक्त काढायला फिस्च्युलाच्या हातात सुई टोचू देऊ नका, हे तर तुम्हाला माहीत असेलच.

शेजारच्या बेडवर फ्लू होता म्हणून सेंटर टाळायचं का? भीती समजते. एकाच हॉलमध्ये चार तास, एसी बंद खिडक्यांचा, बेड जवळजवळ, आणि मधल्या वेळेत सगळे मास्क काढून चहा-इडली खातात. संसर्ग पसरायला याहून सोयीची जागा नाही. पण चुकलेलं डायलिसिस त्याहून मोठा धोका आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे डोळ्यांनी बघितलं. रिपोर्ट आल्याशिवाय घेणार नाही म्हणून पेशंट एका दारावरून दुसऱ्या दारावर फिरवले गेले, गाड्या बंद होत्या, आणि काहींना विषाणूने गाठायच्या आत पाण्याने आणि पोटॅशियमने गाठलं. तेव्हा सेंटरला जायचं, पण नीट जायचं. खोकला असलेल्याने आत शिरायच्या आधी दारातच सांगायचं. सेंटरने त्याला कोपऱ्यातला किंवा वेगळ्या खोलीतला बेड द्यायचा, नाही जमलं तर शेवटची शिफ्ट. दोन बेडमध्ये सहा फूट अंतर असायला हवं. मास्क सगळ्यांनी, टेक्निशियन आणि सिस्टरनेही. तुमचं सेंटर हे करत नसेल तर दोन-चार पेशंटच्या नातेवाइकांनी मिळून मागणी करा, एकट्याने बोललं की ‘कटकटी नातेवाईक’ असा शिक्का बसतो.

बेडवर खाण्याबद्दल अजून एक. डायलिसिस सुरू असताना पोटभर खाल्लं की रक्त पोटाकडे जातं, बीपी पडतं, उलटी होते. उताणा झोपलेला, अर्धवट शुद्धीतला माणूस उलटीचा घास श्वासनळीत घेतो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. बाबांचं बीपी डायलिसिसवर पडत असेल तर घरून खाऊन या, तिथे फार तर दोन बिस्किटं, तीही बसून.

लस. धाप लागत असताना, ऑक्सिजन कमी असताना आज नको. हे शांत झालं की लगेच. डायलिसिसवाल्यांत लसीचा परिणाम निरोगी माणसाइतका होत नाही हे खरं आहे, पण म्हणून काहीच होत नाही असं नाही. फ्लूची लस दर वर्षी, इंजेक्शनवाली. नाकात फवारायची जिवंत विषाणूची नको. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, थंडीत पुन्हा थोडा येतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये घेतलेली बरी, परिणामाला दोन आठवडे लागतात. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला तोही भर पावसाळ्यातच. न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकॉकसची लस दोन प्रकारची: आधी १३ जातींची, मग किमान आठ आठवड्यांनी २३ जातींची, आणि २३ वाली पाच वर्षांनी पुन्हा एकदा. २० जातींची नवी लस मिळाली तर तेवढी एकच पुरते. यांनी सगळे न्यूमोनिया थांबत नाहीत, एका मुख्य जंतूचे गंभीर आजार कमी होतात. कोविडचा बूस्टर कधी घेतला ते डॉक्टरांना दाखवा. हिपॅटायटिस बी छातीशी संबंधित नाही, पण डायलिसिसवर असून तिचे दुप्पट मात्रेचे चार डोस झाले नसतील तर तेही करून घ्या. सगळ्या लसी फिस्च्युला नसलेल्या दंडात. डायलिसिसमध्ये रक्त गोठू न देणारं हेपारिन चालू असतं म्हणून टोचल्यावर जागा जरा जास्त वेळ दाबून धरा.

खर्चाची काळजी तुमच्या लिहिण्यात दिसली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. आठवड्यातून दोनदाचं तीनदा करता येतं का, हे सेंटरवरच्या आरोग्यमित्राला विचारा. जिल्हा रुग्णालयांतही राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून सोय आहे. कुठल्याही औषधापेक्षा ते तिसरं डायलिसिस बाबांच्या फुप्फुसांना जास्त उपयोगी पडेल असं माझं मत आहे. पोटाचं डायलिसिस घरी होतं, हॉलमधली गर्दी टळते, तेव्हा तो पर्यायही एकदा विचारून बघा. प्रत्येकाला जमत नाही, घरात स्वच्छ जागा आणि शिकलेला हात लागतो.

नातवाचं म्हणाल तर, त्याला आजोबांपासून तोडू नका. त्याला सर्दी-ताप असेल तेवढे चार-पाच दिवस मात्र वेगळ्या खोलीत झोपवा, ताट-तांब्या वेगळा, खिडकी उघडी. आणि फ्लूची लस त्यालाही द्या, तुम्हीही घ्या.